पातेलं यांनी विचारलेला प्रश्न

अर्जात अठरा प्रश्न होते. सतरांची उत्तरं बाबांनी एका बैठकीत, एकही खाडाखोड न करता लिहिली. चौदाव्यापाशी ते थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि प्रश्न अजून तोच आहे ना, हे पाहिलं. 'कंत्राटदाराच्या वेबसाइटवर ग्राहकांना आपसांत चर्चा करण्याची सोय आहे काय? असल्यास पत्ता द्यावा.'

"ग्राहकांनी आपसांत कशाला चर्चा करायची?" बाबा म्हणाले. "ज्याचं गळतं त्याने मला सांगावं."

बाबा गळती थांबवतात. गच्च्या, न्हाणीघरं, टाक्या. पाणी नको तिथे आलं की बाबा तिथे जातात. अर्ज होता सार्वजनिक ग्रंथालयाच्या गच्चीसाठी, आणि या एका कामात त्यांचा जीव अडकला होता. त्यांचा धंदाच असा, की काम उत्तम झालं तर दाखवायला काही उरत नाही. वेबसाइटवर अकरा कामांचे फोटो आहेत आणि अकराही फोटोंत कोरडं छत आहे. पण ग्रंथालयाच्या दारात एक काळा दगड बसवलेला आहे. इमारत कुणी बांधली, जिना कुणी बदलला, खिडक्या कुणी घातल्या, अशी सगळी नावं त्यावर कोरलेली आहेत. शाळेत असताना बाबा पुस्तक बदलायला जात तेव्हा त्या नावांवरून बोट फिरवत. शेवटच्या नावाखाली वीतभर जागा मोकळी आहे. ती अजून मोकळीच आहे ना, हे ते वर्षातून दोनदा जाऊन पाहून येतात. हे मला आईने सांगितलं. बाबा कबूल करत नाहीत.

म्हणून मी म्हणाले, की चर्चामंच मी जोडून देते, दोन तासांचं काम आहे.

हे वाक्य मी पूर्ण जबाबदारीने उच्चारलं होतं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी संशोधनाच्या प्रवेशपत्राची वाट पाहत घरी बसले होते, वेबसाइट मीच बनवली होती, आणि अंदाज कसा बांधावा याचं मला रीतसर शिक्षण मिळालेलं आहे. दोन तास, चुकीला वाव दहा मिनिटं. लागले पाच दिवस.

पहिले चार दिवस वेबसाइटला जागा देणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्रात गेले. तिथली बाई फार गोड बोलायची आणि दर वेळी विचारायची, की मी वेबसाइट बंद करून परत चालू करून पाहिली आहे का. चौथ्या दिवशी मी पाहिली. ती चालू झालीच नाही. अकरा कोरडी छतं एका दुपारी जगातून नाहीशी झाली, आणि बाबांनी जेवताना शांतपणे विचारलं, की म्हणजे आता चर्चाही नाही आणि चर्चेला विषयही नाही, असंच ना?

पाचव्या दिवशी छतं परत आली आणि सोबत चर्चामंचही आला. पहिले सदस्य बाबाच असावेत हे उघड होतं. नाव झालं, पासवर्ड झाला, आणि मंचाने त्यांना आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करायला सांगितलं. नऊ चौकटींत नऊ चित्रं. त्यांतली जिने असलेली चित्रं निवडायची. बाबांनी एकही निवडलं नाही.

"यात जिना कुठेय?" ते म्हणाले. "ही शिडी आहे. या दोन पायऱ्या. दोन पायऱ्यांना कुणी जिना म्हणत नाही. आणि हे जे आहे ते कुणी केलंय? एकेक पायरी फूटभर उंच. यावरून माणूस चढणार कसा?"

मंचाने सहा वेळा चित्रं बदलली. बाबांनी सहाही वेळा चित्रांतल्या बांधकामाचे दोष काढले. शेवटी पडद्यावर अक्षरं उमटली: 'आपण माणूस असल्याची खात्री पटलेली नाही.' बाबा उठले आणि गच्चीवर जाऊन उभे राहिले. त्यांच्या वतीने मग मीच माणूस झाले.

ही बातमी शेजारच्या तज्ज्ञकाकांपर्यंत पोचायला अर्धा तास लागला. तज्ज्ञकाका आयुष्यभर लोकांच्या घरचे विजेचे मीटर तपासून निवृत्त झाले आहेत. मीटर बहुतेक जिन्याखाली असतो, त्यामुळे त्यांनी सगळं जग जिन्याखालून पाहिलेलं आहे, आणि त्यांच्या मते जगात नियमांची टंचाई आहे. चर्चामंचाला नियम नाहीत हे ऐकून त्यांना इतका धक्का बसला, की त्यांनी पाणी मागितलं. संध्याकाळी एकतीस नियम लिहून आणले. सातवा नियम होता, 'चर्चेत मतभेद करू नयेत.' एकोणिसावा होता, 'नियंत्रकाने मंचाच्या माथ्यावर लावलेला धागा कोणत्याही कारणाने काढला जाणार नाही, मालकाने सांगितलं तरीही.' एक प्रश्न आणि त्याखाली आलेली सगळी उत्तरं मिळून धागा होतो, हे मी त्यांना त्याच दिवशी समजावलं होतं. दुसऱ्या दिवशी ते मलाच समजावू लागले. नियंत्रक कोण, हे एकतीस नियमांत कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते गृहीत होतं.

अर्ज घेऊन मी ग्रंथालयात गेले. तिथले लिपिक एका उंच टेबलामागे बसतात; मागच्या भिंतीवर ओलीचा मोठा नकाशा उमटलेला आणि पुस्तकांच्या कपाटांवर प्लास्टिक घातलेलं. त्यांनी चौदावं उत्तर वाचलं आणि म्हणाले, नुसती सोय असून चालत नाही. किमान पंचवीस सदस्य हवेत, चाळीस नोंदी हव्यात, आणि एक तरी प्रश्न सुटलेला असावा. पुढच्या शुक्रवारपर्यंत. शिवाय सगळी चर्चा कागदावर छापून, प्रत्येक पानावर सदस्यांच्या सह्या घेऊन जोडायची.

मी म्हटलं, सदस्य ऑनलाइन असतात, सह्या कशा मिळणार?

"त्यांना समक्ष यायला सांगा."

मी म्हटलं, ते समक्ष आले असते तर चर्चाही समक्षच झाली असती. त्यांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. बऱ्याच वेळाने म्हणाले, बाकीच्यांचं राहू द्या, पण जो प्रश्न सुटला म्हणाल, तो विचारणाऱ्याची सही तेवढी लागेल.

मंचावर तेव्हा दोन सदस्य होते. एक बाबा, दुसरे तज्ज्ञकाका. नोंद एकच, एकतीस नियमांची.

आता प्रयोगशाळेत पाहिलेली एक गोष्ट मला आठवली. मिठाचं अगदी दाट द्रावण काचेच्या भांड्यात तासन्‌तास नुसतं उभं राहतं, काही होत नाही. त्यात एक लहानसा स्फटिक टाकला, की बघता बघता भांडंभर स्फटिक धरू लागतात. मंचालाही असा एक स्फटिक हवा होता. बाबांची अट होती, खोटी नावं घेऊन खोटे प्रश्न विचारायचे नाहीत. माणूस खरा हवा, प्रश्नही खरा हवा. म्हणून मी नातेवाईक, बाबांचे जुने ग्राहक, मुकादम, मुकादमांचे साडू अशा सगळ्यांना कळवलं. सदस्य कसं व्हायचं याच्या आठ पायऱ्या लिहून सर्वांना पाठवल्या आणि एक प्रत आमच्या फ्रिजच्या दारावर चिकटवली. आईला मात्र काही सांगितलं नाही. तिला कशाला त्रास, आणि तिला ते जमेल का, असे दोन विचार माझ्या मनात आले होते. त्यांतला पहिलाच मी स्वतःशी कबूल केला.

पहिला स्फटिक पडला तो आत्याचा. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, राहते दुसऱ्या गावी. तिने विचारलं, 'गच्चीचं राहू दे. तू चार महिने फोन का केला नाहीस?'

प्रश्न खरा होता. बाबांनी तोंडी मजकूर सांगितला, मी टंकला: 'आपला प्रश्न मिळाला. कामात होतो.' यावर आत्याने सविस्तर लिहिलं. मग एका चुलतभावाने लिहिलं की त्यालाही फोन आलेला नाही. मुकादमांनी लिहिलं की साहेब खरंच कामात होते, ते साक्षीदार आहेत. मुकादमांच्या साडूने आत्याला नमस्कार कळवला. तज्ज्ञकाकांनी सातव्या नियमाची आठवण करून देऊन सगळा धागा उचलला आणि 'जुनी गळती' या विभागात नेऊन ठेवला. दोन दिवसांत सव्वीस सदस्य आणि एकोणपन्नास नोंदी झाल्या. मी थक्क झाले. रसायनशास्त्र माणसांना इतकं लागू पडतं हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

राहिला सुटलेला प्रश्न. मंचावर 'प्रश्न सुटला' असं एक हिरवं बटण आहे आणि ते फक्त प्रश्न विचारणाऱ्यालाच दाबता येतं. मी आत्याला फोन करून विनंती केली. ती म्हणाली, "माझा सुटलेला नाही," आणि फोन ठेवला.

आणि शनिवारी सकाळी सत्ताविसावा सदस्य आला. तो आमच्यापैकी कुणाच्याच ओळखीचा नव्हता. नाव 'पातेलं'. त्याची नोंद माझ्या अजून पाठ आहे:

'नमस्कार. सोबत फोटो जोडला आहे. छताचा हा भाग सतरा वर्षं ओला आहे. कंत्राटदाराला दर वर्षी सांगितलं जातं. ते म्हणतात, हातातलं काम संपलं की बघतो. काय करावं?'

बाबा खुर्चीतून उठून उभेच राहिले. परका माणूस, आपणहून आलेला, आणि खरी गळती. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. जवळून काढलेला होता. तपकिरी कडांचं एकात एक कड्यांचं मोठं वर्तुळ, मधोमध पांढरा लोणा, म्हणजे ओलीने बाहेर आलेला क्षार, फुटलेला, एका जागी गिलावा सुटून जाळी उघडी पडलेली. असं बिघडलेलं छत आपण पूर्वी पाहिलेलं नाही, असं ते म्हणाले. माझंही तेच मत होतं.

मी त्या फोटोचा अभ्यास केला. शिक्षणाचा उपयोग करायची संधी घरात फारशी येत नाही. डागाच्या कड्या मोजून मी तीन परिच्छेदांचा खुलासा मंचावर टाकला: गळती सतरा नव्हे, फार तर नऊ वर्षं जुनी असावी, तक्रार करणाऱ्यांची थोडी अतिशयोक्ती दिसते, फोटोच्या खालच्या कोपऱ्यात धातूची चकाकती कड आहे, ती बहुधा दिव्याची, आणि ही जागा बंद पडलेलं गोदाम असावं, तिथे माणसं राहत नसावीत, कारण रोज डोक्यावर हे असताना कुणी वर पाहणार नाही हे मानवी स्वभावाला धरून नाही.

बाबांचं उत्तर माझ्यापेक्षा पुष्कळ जोरकस होतं. येरझाऱ्या घालत त्यांनी ते सांगितलं: 'पातेलंसाहेब, आपला प्रश्न मिळाला. फोटो पाहून झोप उडाली. हे काम ज्याने केलं त्याला पाणी म्हणजे काय तेच कळलेलं नाही. आणि केल्यावर सतरा वर्षं जो फिरकला नाही, त्याला लाज नाही. आमच्या धंद्याला काळिमा लागतो तो अशा माणसांमुळे. त्याला पुन्हा कुणाच्याही गच्चीवर पाऊल ठेवू देऊ नये. आपण पत्ता कळवा. मी स्वतः येईन, स्वतःच्या हातांनी काम करीन, आणि वर दोन दिवस पाणी कोंडून, खाली खुर्ची टाकून बसेन.'

हे शेवटचं कुणाला शोभेचं वाक्य वाटेल, पण ती बाबांची कामाची रीतच आहे. काम झालं की ते गच्चीवर पाणी कोंडतात आणि बरोबर खाली, छताखाली, खुर्ची टाकून अठ्ठेचाळीस तास बसतात. जेवण तिथेच, झोप तिथेच. थेंब पडलाच तर आधी माझ्या डोक्यावर पडावा, असं त्यांचं म्हणणं. लोक त्यांना त्यामुळेच काम देतात.

तज्ज्ञकाका इतके भारावले, की त्यांनी तो धागा मंचाच्या माथ्यावर लावला. सोमवारी मी एकसष्ट पानं छापून लिपिकांकडे दिली. सर्वांत वर बाबांचं उत्तर. लिपिकांनी ते दोनदा वाचलं, आत नेऊन ग्रंथालयाच्या अध्यक्षबाईंना वाचायला दिलं, आणि बाहेर येऊन म्हणाले, बाई खूश आहेत. हा प्रश्न सुटला आणि या पातेल्यांची सही मिळाली, की काम झाल्यात जमा.

मंगळवारी दुपारी आम्ही जेवत होतो. स्वयंपाकघरात टेबलाभोवती मी आणि बाबा. आई वाढत होती. मोबाइलने आवाज केला. पातेल्याने पत्ता पाठवला होता. बाबांनी मोठ्याने वाचायला सांगितलं.

"'खाली वॉटरप्रूफिंगच्या सामानाचं गोदाम,'" मी वाचलं, "'वर घर.'"

"बघ, आपल्याच धंद्यातला कुणीतरी," बाबा म्हणाले. "तरी ही अवस्था."

"'फाटक निळं. पहिल्या पायरीची फरशी डुलते, जपून यावं.'"

बाबांचा घास हातातच राहिला. आमच्या पायरीची फरशी गेल्या हिवाळ्यापासून डुलते.

"'स्वयंपाकघरात, फ्रिजच्या बरोबर वर.'"

आम्ही दोघांनी माना वर केल्या. एकात एक कड्यांचं तपकिरी वर्तुळ. मधोमध लोणा. उघडी पडलेली जाळी. आणि खाली, फ्रिजच्या डोक्यावर, एक पितळी पातेलं. ते मी लहान असल्यापासून तिथेच आहे. पातेल्याची जागा फ्रिजवर असते असंच मी समजत होते. दुसऱ्यांच्या घरी फ्रिजवर पातेलं नसलं तर मला ते घर अपुरं वाटायचं. सूक्ष्मदर्शकाखाली केसाच्या हजाराव्या भागाएवढी गोष्ट अचूक टिपल्याबद्दल मला कॉलेजात बक्षीस मिळालेलं आहे. त्याचं प्रशस्तिपत्रक याच स्वयंपाकघराच्या भिंतीवर, त्या डागापासून चार हातांवर लावलेलं आहे.

आई बाबांच्या ताटात भाजी वाढत होती.

"अगं," बाबा म्हणाले.

"सतरा वर्षं तोंडी सांगतेय," आई म्हणाली. "तोंडी सांगितलं की तुम्ही हो म्हणता. लेखी विचारलं तर चार तासांत उत्तर आलं."

मी कसंबसं विचारलं, तुला मंचावर यायला कुणी शिकवलं? तिने फ्रिजच्या दाराकडे बोट केलं. "तूच तर लिहिलंयस. चांगलं लिहिलंयस. फक्त तिसरी आणि चौथी पायरी उलटसुलट झालीय. आणि मला माणूस आहेस का म्हणून विचारलं नाही कुणी, लगेच आत घेतलं."

बाबांनी मोबाइल मागून घेतला आणि स्वतःचं उत्तर वाचलं. त्याला लाज नाही. धंद्याला काळिमा. पुन्हा कुणाच्याही गच्चीवर पाऊल. वाचताना त्यांचे ओठ हलत होते.

"हे मी लिहिलंय?"

मी म्हटलं, शब्दशः, एका काना-मात्रेचा फरक नाही. त्या क्षणी ही माहिती देण्याची गरज नव्हती, हे मला बोलून झाल्यावर कळलं.

आमच्या घरची गच्ची हे बाबांचं स्वतंत्रपणे केलेलं पहिलं काम. एकसष्ट पानं ग्रंथालयात पोचलेली, वरच्या पानावर बाबांनी स्वतःच्या शब्दांत बाबांना गच्चीवर चढायची बंदी केलेली, आणि तो काळा दगड, ती वीतभर जागा. बाबा हात धुऊन आले. मी सुचवलं, धागा काढून टाकू या. मग तज्ज्ञकाकांकडे गेले. ते हकीकत ऐकून त्यांच्या पायरीवरच बसले. पण धागा काढायला तयार होईनात. एकोणिसावा नियम याच प्रसंगासाठी केला होता, म्हणाले; मालकच पहिली गडबड करतात हे त्यांनी मीटरांच्या बाबतीत चाळीस वर्षं पाहिलं आहे.

मी हात हलवत परत आले तर बाबा टेबलाशीच बसलेले. डागाकडे पाहत होते. म्हणाले, "लिही."

मी लिहिलं: 'पातेलं यांस. पत्ता मिळाला. तो कंत्राटदार मीच. उद्या सकाळी आठ वाजता येतो.'

"बाबा, हे ग्रंथालयातले लोक वाचतील," मी म्हटलं.

"वाचू दे. ज्याचं गळतं त्याने सांगितलंय."

बुधवारी सकाळी आठ वाजता बाबा कपडे करून, जिना उतरून खाली गेले, फाटकाबाहेर पडले, परत आत आले आणि त्यांनी आमच्या दाराची घंटा वाजवली. आईने दार उघडलं. "या," ती म्हणाली. दोघांच्याही चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. हे मी शास्त्रीय निरीक्षण म्हणून नोंदवते. याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

त्यांनी आणि मुकादमांनी गच्ची फोडली. टाकीचे पाय जिथे टेकतात तिथेच दोष होता. तेव्हा टाकी आधी येऊन बसली होती. ती हलवायला माणसं मिळेनात म्हणून बाबांनी तिच्या पायांभोवती काम उरकलं, पायांखाली नाही. एवढी एकच जागा. बाकी गच्ची सतरा वर्षांनीही ठणठणीत, असं मुकादम म्हणाले. बाबा म्हणाले, पाण्याला एकच जागा पुरते. टाकी हलवून, दिवसभर खपून, त्यांनी ते काम केलं. लवकर सुकणारा मसाला होता, तरी पाणी कोंडायला गुरुवारची दुपार उजाडली. मग खाली येऊन त्यांनी फ्रिजशेजारी खुर्ची टाकली. शुक्रवारची मुदत हुकणार हे त्यांना ठाऊक होतं. दोन दिवसांचा एक दिवस करा म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

मंचावर तोवर हाहाकार झाला होता. सदस्य दोनशेच्या वर गेले. एकाही माणसाला मी कळवलेलं नव्हतं. लोक दर तासाला 'थेंब?' असं विचारत आणि आई पातेल्यात बघून 'नाही' असं लिही. आत्याने लिहिलं, खुर्चीत बसलाच आहेस तर आता फोन कर. बाबांनी केला. पाऊण तास बोलले. त्यानंतर 'जुनी गळती' विभागात हिरवं बटण दाबलं गेलं आणि मी चक्रावून गेले: नियमाप्रमाणे आमचा एक प्रश्न शुक्रवारी सकाळीच, मुदतीच्या आत, सुटला होता. मी धावत ग्रंथालयात गेले. लिपिक म्हणाले, तो फोनचा प्रश्न आहे, गच्चीचा नाही. आणि अध्यक्षबाईंना सही हवी आहे ती पातेल्यांचीच. उद्या त्या स्वतः घ्यायला येतील.

शनिवारी सकाळी अध्यक्षबाई आल्या. मागून लिपिक, काखेत एकसष्ट पानं. बाईंनी पायरीवरची फरशी न सांगता ओलांडली, यावरूनच कळलं की त्यांनी सगळं वाचलंय. स्वयंपाकघरात आल्या, वर पाहिलं, खुर्चीत बसलेल्या, दाढी वाढलेल्या बाबांकडे पाहिलं. बाबा उठायला लागले तर हातानेच बसा म्हणाल्या. मग आईकडे वळल्या.

"सुटला का प्रश्न?"

आईने घड्याळाकडे पाहिलं. "अजून तीन तास आहेत."

बाबांनी डोळे मिटून घेतले. माझाही धीर सुटला. ग्रंथालयाच्या अध्यक्ष समोर उभ्या, दोन दिवस थेंब नाही, आणि ही बाई तीन तास म्हणते.

"मग थांबते," अध्यक्षबाई म्हणाल्या.

त्या बाबांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसल्या. लिपिक फ्रिजला टेकून उभे राहिले. तीन तास आम्ही पाच माणसं एका डागाकडे पाहत होतो. मधे तज्ज्ञकाका आले, त्यांनाही बसवलं. एकदा बाईंनी सांगितलं, की बाकीच्या तीन कंत्राटदारांच्या मंचांवर एकाही माणसाची एकही तक्रार नाही, सगळे ग्राहक समाधानी, आणि सगळे समाधानी एकाच दिवशी, एकाच तासात झालेले. लिपिकांनी मान डोलावली.

तीन तास झाले. आई स्टुलावर चढली. पातेलं खाली घेतलं, आतून बोट फिरवलं, बोट उजेडात धरून पाहिलं. मग पातेलं घासलं, पुसलं आणि मांडणीत, बाकीच्या पातेल्यांत, मोठ्या आणि मधल्याच्या मधे ठेवून दिलं. तिथे त्याच्या मापाची जागा रिकामी होती. तीही मी कधी पाहिली नव्हती. त्यानंतर तिने हात कोरडे करून मोबाइल घेतला आणि हिरवं बटण दाबलं. मग एकसष्टाव्या पानावर सही केली: 'पातेलं'.

बाबा खुर्चीतच होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि बराच वेळ परत लावला नाही.

ग्रंथालयाचं पत्र पंधरवड्याने आलं. गच्चीचं काम बाबांना दिलं होतं. खाली एकच अट: काम पूर्ण झाल्याचा दाखला सदस्य पातेलं यांनी, समक्ष छत पाहून द्यावा. आई स्टूल घेऊन दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा तिने 'अजून नाही' म्हटलं. तिसऱ्यांदा हो म्हणाली. दगड कोरायला गवंडी बसला तेव्हा बाबा शेजारी उभे होते, आणि आपल्या नावाखाली थोडी जागा सोडायला त्यांनी सांगितलं. का, ते त्यांना विचारायचं धाडस मी केलं नाही.

मंच अजून चालू आहे. फक्त बाबांची रीत थोडी बदलली आहे. फोटोसह प्रश्न आला, की ते लगेच उत्तर सांगत नाहीत. मोबाइल हातात धरून आधी घरभर एक फेरी मारतात. प्रत्येक खोलीत थांबून वर बघतात, फोटो बघतात, परत वर बघतात. मग येऊन 'आपलं नाही' म्हणतात आणि बसून मजकूर सांगायला लागतात.

परवा असाच एक फोटो आला. बाबा फेरीला गेले. पुढची खोली झाली, मधली झाली, मग न्हाणीघरात शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आई टेबलाशी चहा गाळत होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी मंच उघडला. नव्या सदस्याचं नाव होतं 'बादली'.